सळईचा कागद, भट्टीची पाटी

जालन्याच्या एमआयडीसीतून सळईची गाडी सुटते तेव्हा ड्रायव्हरकडे तीन कागद हमखास असतात: बिल, काट्याची पावती आणि टेस्ट सर्टिफिकेट. पहिले दोन सगळे वाचतात, त्यांवरून भांडतातही. तिसऱ्याची घडी बहुतेक वेळा मोडतच नाही. हा तिसरा कागद मी तयार करते. रोलिंग मिलच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून त्याच्याखाली माझी सही असते. वर काय असतं? हीट नंबर. सी, एमएन, एस, पी. वायएस, यूटीएस, इलाँगेशन. बेंड ओके, रिबेंड ओके. आणि शेवटी, माल आयएस १७८६ प्रमाणे आहे, अशी एक ओळ.

पुलाच्या साइटवरचा इंजिनिअर हा कागद अर्ध्या मिनिटात वाचून फायलीला लावतो. त्याच्यासाठी तो अगदी बरोबर लिहिलेला आहे. पण जालन्याची सळई काही फक्त पुलांना जात नाही. भोकरदन, मंठा, परतूर, घनसावंगी इथल्या दुकानांतून ती सुटीही विकली जाते. घेणारा कपाशी-सोयाबीनच्या पैशातून आयुष्यात एकदाच स्लॅब टाकणार असतो. दुकानदारावर भरवसा नसला की त्यातला एखादा थेट मिलच्या गेटवर येतो आणि सिक्युरिटीवाला त्याला लॅबकडे पाठवतो. अशाच एका काकांनी सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, हे असू द्या. माल चांगलाय का नाही तेवढं सांगा.”

काकांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. अडचण इंग्रजीची नव्हतीच. त्या कागदाचं शब्दशः भाषांतर करून दिलं असतं तरी ते तिथंच अडकले असते. वायएस म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ, तिला हिंदीच्या पारिभाषिक शब्दांत ‘पराभव सामर्थ्य’ म्हणतात. आमच्या सळईचा पराभव ५२० ला होतो, असं गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो शेजारच्या मिलला जाईल.

मग सांगायचं काय? मी आता असं सांगते. सळईवर ‘एफई ५०० डी’ असं उमटवलेलं असतं. एफई म्हणजे लोखंड. ५०० हा आकडा ताकदीचा: एका चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. हे वाक्य पुस्तकात ठीक आहे, पण घर बांधणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. त्याला १२ मिमीची सळई घ्यायची असते. तिच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर उत्तर येतं पावणेसहा टन. म्हणजे बोटाएवढी जाड ही एक सळई उभी टांगून तिला साडेपाच टन वजन अडकवलं आणि नंतर ते काढून घेतलं, तर ती पुन्हा जवळजवळ मूळ लांबीवर आली पाहिजे. आमच्या यूटीएम मशीनवर आम्ही हेच बघतो, फक्त टांगण्याऐवजी दोन्हीकडून ओढतो.

‘डी’ची गोष्ट याहून महत्त्वाची, आणि तीच कुणी सांगत नाही. १२ मिमीच्या तुकड्यावर ६० मिलिमीटर अंतरानं दोन खुणा करायच्या आणि तो तुटेपर्यंत ओढायचा. तुटले की दोन्ही भाग जुळवून ठेवायचे आणि खुणांमधलं अंतर परत मोजायचं. साध्या ५०० च्या सळईत ते ६७.२ मिलिमीटर झालं तरी पास. ‘डी’ असेल तर किमान ६९.६ व्हावं लागतं. बारा टक्के आणि सोळा टक्के एवढाच फरक. पण तुटण्याआधी जी सळई जास्त ताणते तिनं बांधलेलं घर हादऱ्यात एकदम कोसळत नाही. वाकतं, भेगा पडतात, माणसांना बाहेर पडायला सवड मिळते. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तिथली पडलेली घरं बहुतेक दगडमातीची होती, सळईचा तिथं संबंध नव्हता, हेही मी सांगते. नाहीतर भीती घालून महाग माल गळ्यात मारल्यासारखं होतं.

वजनाचं तर आणखी सोपं आहे. व्यासाचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६२, म्हणजे ८८९ ग्रॅम. १२ मीटरची पूर्ण सळई पावणेअकरा किलोच्या जरा आत भरते. १२ मिमीला मानकानुसार पाच टक्के कमी-जास्त चालतं. त्याहून हलकी निघाली तर दुकानदाराला जाब विचारा. हा हिशोब सातवीतली पोरगीही करील. तरी ब्रोशरवर तो क्वचितच छापलेला दिसतो.

टीएमटी हे प्रकरण मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. थर्मो मेकॅनिकल ट्रीटमेंट म्हटलं की समोरचा मान डोलवतो आणि विषय संपतो. आमचा रोलिंगचा फोरमन अंबडकडचा, ऊसपट्ट्यातला. तो गिऱ्हाइकाला म्हणतो, “ऊस बघितला ना? बाहेरून कडक, आतून नरम. म्हणून वाऱ्यात वाकतो पण मोडत नाही. तसंच हे.” काम खरंच त्या चालीनं होतं. शेवटच्या स्टँडमधून लालभडक सळई सुटते ती थेट पाण्याच्या पेटीतून सुसाट जाते. बाहेरची साल तेवढ्यात थंड होऊन कडक होते, आतला गाभा मात्र अजून धगधगत असतो. कूलिंग बेडवर आली की आतली धग बाहेर येऊन सालीचा ठिसूळपणा घालवते. कडकपणा राहतो, ठिसूळपणा जातो. कुणाला खोटं वाटलं तर आम्ही सळईचं कापलेलं तोंड घासून त्यावर नायट्रिक ॲसिड मिसळलेलं स्पिरिट लावतो. जरा वेळात काठानं काळं कडं उमटतं. कडं सगळीकडून सारखं असेल तर पाणी नीट बसलं. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब असेल तर पेटीचा नोझल तुंबलाय. ते काका हे कडं बघत बराच वेळ उभे होते. नंतर सर्टिफिकेटची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, आणि येताना दुकानातून आणलेला सळईचा तुकडा पुढं केला. “आता ह्याला लावून दाखवा.”

सोपं लिहिण्याच्या नादात खोटं लिहिण्याचा धोका मात्र मोठा आहे. सळईच्या जाहिराती बघा. ‘भूकंपरोधक’ हा शब्द कुणालाही कळतो, म्हणजे भाषा सोपीच म्हणायची. पण सळई भूकंपरोधक नसते. भूकंपात टिकतं ते नीट बांधलेलं घर. खांब आणि बीम जिथं भेटतात तिथं रिंगा जवळजवळ घेतल्यात का, रिंगेचं टोक आत वळवलंय का, की ठेकेदारानं सळई वाचवायला रिंगा लांब लांब टाकल्या, यावर सगळं ठरतं. चांगल्यातली चांगली ‘५०० डी’ घेतली आणि रिंगा हातभर अंतरावर बांधल्या तर पैसे पाण्यात. म्हणून मला ‘वायएस’ परवडतं. ते अवघड आहे पण खरं आहे, विचारलं तर उलगडून सांगता येतं. ‘सुपर डक्टाइल’, ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ हे उलगडायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

आमच्यातल्या आमच्यात बोलायची भाषा मात्र कुणी सोपी करू नये. मिलमध्ये लाल सळई पुढच्या स्टँडमध्ये न शिरता बाहेर उसळली तर एकच आरोळी उठते: कॉबल! हजार अंशांच्या आसपास तापलेली लोखंडाची तार सापासारखी हवेत वळवळत येते. त्या क्षणी ‘सळई मार्ग सोडून बाहेर आली आहे’ असं कोण म्हणत बसणार? हीट, टॅपिंग, लॅडल, लायनिंग, बिलेट, मिसरोल या शब्दांवर आमचा दिवस चालतो. बिहारचा पोरगा असो की बदनापूरचा, महिन्याभरात त्याच्या तोंडी ते बसतात. फॉस्फरस वाढला, एवढं मी फोनवर म्हटलं की भट्टीवरच्याला पुढचं कळतं: आमच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढून टाकता येत नाही, तेव्हा भंगार बघून घ्या. दोन शब्दांत काम होतं. हेच दोन शब्द मी त्या काकांना ऐकवले तर तो उर्मटपणा.

भट्टीच्या पाटीचं प्रकरण यातूनच निघालं. चार्जिंगच्या प्लॅटफॉर्मजवळ एक इंग्रजी पाटी होती, ऑडिटसाठी कुठल्याशा कन्सल्टंटनं दिलेली. एन्शुअर चार्ज मटेरियल इज फ्री फ्रॉम मॉइश्चर अँड एंट्रॅप्ड व्हॉल्यूम्स. ती मराठीत करा अशी सूचना आली. मराठी आली ती अशी: ‘प्रभारण सामग्री आर्द्रता व बंदिस्त आकारमानांपासून मुक्त असल्याची खात्री करण्यात यावी.’ पाटी नवी, रंग ताजा, आणि खाली उभा असलेला एकही माणूस ती वाचून काही वेगळं करणार नव्हता.

त्या वाक्यात काय दडलंय ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. भट्टीतलं वितळलेलं लोखंड सोळाशे अंशांच्या घरात असतं. त्यात ओलं भंगार पडलं तर पाण्याची तिथल्या तिथं वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. तांब्याभर पाणी वितळलेल्या लोखंडाच्या खाली अडकलं तर वरचं लोखंड बाहेर फेकलं जातं. बंद डब्याचं आणखी वाईट. भंगारात गॅसचे जुने सिलिंडर येतात, गाड्यांचे शॉकअप येतात, दोन्ही तोंडं ठोकून बंद केलेले पाइप येतात. आतली हवा आणि तेल तापतं, फुगतं आणि फुटतं. भट्ट्यांवरच्या अपघातांत हे नेहमीचं कारण आहे आणि भट्टीवर काम केलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते परवाच गावाहून आलेल्या, ठेकेदाराकडच्या पोराला. पाटी त्याच्यासाठीच हवी.

सेफ्टी ऑफिसर, रात्रपाळीला भट्टी सांभाळणारा मेल्टर आणि मी असे तिघं बसलो. मेल्टरला लिहायचा कंटाळा, पण बोलायला लागला की वाक्यं तयारच बाहेर पडत. आम्ही ती उतरवून घेतली:

‘ओलं भंगार भट्टीत टाकू नका. पाऊस झाला असेल तर शेडखालचाच माल घ्या.

बंद सिलिंडर, शॉकअप, तोंड बंद असलेला पाइप किंवा डबा दिसला की बाजूला काढा. कापून उघडा केल्याशिवाय तो भट्टीत जाणार नाही.

शंका आली तर मेल्टर चार्जिंग थांबवेल. त्यासाठी त्यानं कुणाला विचारायची गरज नाही.’

पहिल्या दोन परिच्छेदांवर कुणाची हरकत नव्हती. तिसरा वरच्या ऑफिसात गेला आणि अडकला. भट्टी थांबली की विजेचं बिल थांबत नाही, टनेज बुडतं, पुढं कास्टिंग मशीन रिकामं बसतं. हा अधिकार पाळीवरच्या मेल्टरला द्यायचा का, हा प्रश्न तोवर कुणी उघड विचारलाच नव्हता. ‘खात्री करण्यात यावी’ या शब्दांत तो सोयीस्कर झाकला गेला होता. करण्यात यावी, पण कुणी? चार्जिंगवाल्यानं, भंगार यार्डातल्यानं, क्रेनवाल्यानं, की मेल्टरनं? काही घडलं तर चौकशीत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार, आणि वाक्य सगळ्यांनाच सांभाळून घेणार. आपल्या सरकारी मराठीला ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात येईल’, ‘निदर्शनास आले आहे’ यांची एवढी ओढ का, हे मला त्या बैठकीत कळलं. कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते. साधं वाक्य लिहायला बसलं की आधी निर्णय घ्यावा लागतो. तिसरा परिच्छेद बऱ्याच चर्चेनंतर राहिला, तोही मालकांनी स्वतः ‘राहू द्या’ म्हटल्यावर.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेपर्यंत येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये म्हटलं होतं, की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, दर्शनी जागी आणि वाचता येतील अशा. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची. तिथल्या कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना त्या वाचता येत नव्हत्या, असं तेव्हाच्या बातम्यांतून पुढं आलं. १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्यांची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. पुढं २०२० च्या कामगार-सुरक्षेच्या संहितेत हा सगळा कायदा सामावून घेतला गेला. पण ‘समजणारी भाषा’ म्हणजे मराठी की हिंदी एवढाच अर्थ सगळे घेतात. बंदिस्त आकारमानांची ती पाटी कायद्यानं पास होती.

इंग्लंडमध्ये हेच दुखणं इंग्रजीतच होतं. तिथं १९७९ मध्ये ख्रिसी माहेर नावाच्या बाईंनी लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी अर्जांचे जाहीरपणे तुकडे केले आणि ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू केली. बाई लिव्हरपूलच्या, गरीब घरातल्या. किशोरवयापर्यंत त्यांना वाचताही येत नव्हतं. अमेरिकेत २०१० साली सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदाच झाला. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिमाचलच्या उच्च न्यायालयाचा एक निकाल रद्द करून परत पाठवला, कारण तो काय म्हणतो तेच कळत नव्हतं. न्यायमूर्तींना कळलं नाही तर निकाल परत पाठवता येतो. चार्जिंगवरच्या पोरानं पाटी परत कुठं पाठवायची?

पैशाच्या कागदांत अलीकडे जरा हालचाल दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला एक वेगळा गोषवारा द्यावा लागतो. व्याज, फी, विमा धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत. एमआयडीसीच्या आमच्या फेजमध्ये लेथ आणि फॅब्रिकेशनवाले छोटे कारखानदार बरेच आहेत. माझा दीर त्यातलाच. त्याला मी म्हटलं, बाकीच्या चाळीस पानांवर सही करण्याआधी ते पान माग. त्यानं मागितलं. मिळालं, इंग्रजीत. मराठीत मागितलं तेव्हा ब्रँचमधल्या मुलीनं प्रांजळपणे सांगितलं, “दादा, मराठी आलंय सिस्टिमला, पण ते मलाच कळत नाही. बसा, मी तोंडी सांगते.” तिनं सांगितलं, आणि छान सांगितलं. तिचं बोलणंच कुणी उतरवून घेतलं असतं तर?

याच कारणासाठी आता कुठलीही पाटी किंवा सूचना लिहिली की मी ती आधी वाचून दाखवत नाही. ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात देते आणि थोड्या वेळानं विचारते, “आता तू मला सांग, काय करायचं?” त्यानं माझेच शब्द परत म्हटले तर समजावं, पाठ झालंय, कळलेलं नाही. त्याच्या शब्दांत आलं तर ते शब्द पाटीवर घ्यायचे. शॉकअप असाच आला. मी ‘शॉक ॲब्सॉर्बर’ लिहिलं होतं. यात एक अडचणही आली. सेफ्टी ऑफिसरनं ‘पाऊस झाला असेल तर’ यावर बोट ठेवलं: दवानं भिजलेला किंवा टँकरखाली ठेवलेला माल कोरडा समजायचा का? बरोबर होतं. सोपं करताना एक बाजू सुटली होती, म्हणून पुढच्या खेपेला ‘हात लावून बघा’ असं जोडलं. आणि लगेच मेल्टरनं विचारलं, मॅग्नेटनं उचललेल्या भंगाराला हात कुठून लावणार? ती ओळ यार्डातल्या पाटीवर गेली, भट्टीवरच्या नाही.

सर्टिफिकेटचं कामही चालू आहे. पुढची बाजू आहे तशीच राहील, मानकाला आणि इंजिनिअरला ती तशीच हवी. मागची कोरी असते. तिथं १२ मिमीचं उदाहरण, वजनाचा हिशोब आणि रिंगांबद्दल दोन ओळी मराठीत छापायच्या असं ठरलंय. सेल्सच्या माणसाला ती जागा फार आवडली. त्याच्या मते तिथं ‘भूकंपातही निश्चिंत’ असं मोठ्या टायपात यायला हवं. त्याचं नि माझं यावर अजून जमलेलं नाही. रिंगांच्या ओळींना तर डीलरचाही विरोध आहे, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे ठेकेदार. भट्टीची पाटी मराठी आणि हिंदीत लागली. रात्रपाळीत ओडिशाची पोरं जास्त असतात. त्यांच्यातला एक दहावी झालेला आहे, त्याच्याकडून ओडियात लिहून घ्यायचंय. तो म्हणतो शॉकअपला त्यांच्याकडे पण शॉकअपच म्हणतात.